कानावरची खूण

त्या राज्यात रोज एका कळपातून एक जनावर वेशीवर पाठवले जाई, आणि त्याच्या मांसावर सिंहापासून घारीपर्यंत सगळ्यांचे पोट भरे. जनावर कोणत्या कळपाचे, हे त्याच्या कानावरच्या खुणेवरून कळे. मांस वाटण्याआधी ते आतून तपासण्याचे काम डोमी नावाच्या म्हाताऱ्या कावळीकडे होते.

या कामात तिची हयात गेली होती, तरी फुप्फुसे उघडताना ती क्षणभर थबकत असे. एवढा थोरला देह, आणि त्याचे सारे जगणे या दोन हलक्या, गुलाबी पिशव्यांवर!

एके सकाळी राजाच्या खास कळपातला बैल आला. तुकतुकीत, भरल्या अंगाचा. त्याच्या फुप्फुसालगतच्या गाठीत डोमीने चोच घातली, तेव्हा आत पिवळट, चुन्यासारखे कण करकरले. हा क्षयच होता. तिने मांस बाजूला काढले आणि कानावरची खूण कोतवाल कोल्ह्याला दाखवली.

कोल्ह्याने आवाज उतरवला. मांस पुरून टाकू, पण कळपाचे नाव घ्यायचे नाही, नाहीतर तुझी जागा जाईल, असे त्याने तिला बजावले.

"हा बैल सुटला," डोमी म्हणाली. "त्याच्या शेजारी जे श्वास घेत होते, ते अजून तिथेच आहेत."

ती थेट कुरणावर गेली. तिला पाहताच कळपाने शिंगे रोखली. मग त्या बैलाची आई, गव्हाळी, पुढे आली.

"माझ्या लेकाच्या आत काय होतं?" तिने विचारले.

डोमीने काही न लपवता सांगितले. गव्हाळीने मान वाकवली.

डोमीने औषधात बुडवलेला काटा तिच्या मानेत टोचला. आत रोग असला तर तिसऱ्या दिवशी तिथे सूज येते. सूज आली. गव्हाळी एकदा कळपाकडे पाहून एकटीच टेकडीपलीकडे चालती झाली. बाकीच्यांनी शिंगे खाली करून काट्यासाठी माना पुढे केल्या.

ही गोष्ट रानभर झाली. काही दिवसांनी डोमी सकाळी उठून पाहते, तर तिच्या झाडापासून नदीपर्यंत रांग लागलेली. म्हशी होत्या, सांबरे होती, रानडुकरे होती. अगदी शेवटी सिंह उभा होता, मान वाकवून, खोकत. त्याला पुढे जायला कोणी वाट दिली नाही, आणि त्यानेही ती मागितली नाही.