शंभर डोकी आणि एक बांध

प्राण्यांनाही माणसांइतकाच रिकामा वेळ होता, तेव्हाची गोष्ट. करंजाखाली साळिंदर गोष्ट रचायचं आणि मुंगूस व खार त्या गोष्टीतले वीर होऊन लढायचे; कोण जिंकलं ते फासे ठरवायचे. दहा वर्षं खेळून मुंगसाचा वीर डोंगर उचलू लागला होता आणि खारीची जादूगारीण मेलेल्यांना उठवत होती.

साळिंदर बिचारं गोष्टीतल्या राक्षसांची डोकी वाढवत राहिलं. दहा डोक्यांचा पहिल्याच फाशात गेला. शंभर डोक्यांचा तर नाव सांगण्याआधीच आटोपला.

"साळूदादा, जरा तगडं काहीतरी आणा की!" मुंगूस जांभई देत म्हणालं.

"आणलंय," साळिंदर शांतपणे म्हणालं. "तुम्ही वाचवलेल्या गावातले दोन सख्खे भाऊ शेताच्या बांधावरच्या आंब्यावरून भांडतायत. निवाडा करा."

मुंगसानं ऐटीत फासा उचलला. "मारून टाकतो!"

"कुणाला?"

मुंगसानं फासा खाली ठेवला.

"मी मंत्रानं आंबे दुप्पट करते," खार म्हणाली.

"करा. पण भांडण बांध कुणी सरकवला याचं आहे."

देवांना धाक घालणारे ते दोन महावीर दिवस मावळेपर्यंत डोकं खाजवत बसले. साळिंदरानं तेवढ्यात एक झोप काढली.

शेवटी मुंगूस ओशाळं हसलं. "साळूदादा, त्या शंभर डोक्यांच्या राक्षसाला एखादा भाऊबिऊ नव्हता का हो?"