निवृत्तीनं बोट वर केलं

आडवडगावात निवृत्ती नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. तो कंपनी कायदा शिकत होता. त्याला शिकायचा नव्हता, पण मामांनी ठरवलं. मामांना कंपनी कळत नव्हती, कायदाही कळत नव्हता. दोन्ही एकत्र आलं म्हणजे शिक्षण भारीच असणार, एवढं कळत होतं.

निवृत्तीला हवी होती एकच गोष्ट. वैजयंताशी लग्न. बघायला गेल्यावर तिनं हसून त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले होते, तेव्हापासून.

सरांनी गाइडातून डोकं वर न काढता शिकवलं, की सभेला पुरेशी माणसं नसली तर अर्धा तास थांबायचं. मग सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात तोच वार, तीच वेळ, तीच जागा.

गुरुवारी साखरपुडा होता. आत्या आली नव्हती. निवृत्ती अर्धा तास थांबला आणि त्यानं सगळ्यांना उपाशी घरी पाठवलं.

"अरे बैला," मामा म्हणाले, "एक माणूस नसलं तर त्याच्या जागी दुसरं बसवायचं."

सर म्हणाले, कायद्यातही तसंच आहे. साखरपुडा पुढच्या गुरुवारी झाला.

मग परीक्षा आली. निवृत्तीचं पोट बिघडलं. त्यानं आपल्या जागी आजोबांना पाठवलं. आजोबांनी तीन तास रामनाम लिहिलं. त्यांना चार गुण पडले. मागच्या खेपेला निवृत्तीला तीन पडले होते.

मामा पुन्हा तापले. स्वतःचा मतलब असलेल्या कामात दुसरा पाठवतात होय? निवृत्तीनं सरांना विचारलं, मतलब असला तर काय करायचं? सर म्हणाले, बोट वर करून सांगायचं आणि विषय संपेपर्यंत बाहेर बसायचं.

लग्नही गुरुवारीच होतं. अंतरपाट धरला. निवृत्तीनं बोट वर केलं.

"या विषयात माझा मतलब आहे," तो म्हणाला आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

मांडवात पांढऱ्या केसांची शंभर डोकी होती. त्याला हाताला धरून आणावं, हे एकालाही सुचलं नाही. मुहूर्त टळेल, म्हणाले. मामांना आपलंच वाक्य आठवलं. त्यांनी निवृत्तीच्या जागी आपला मुलगा प्रल्हाद उभा केला.

वैजयंताला कुणी विचारलंच नाही. तिनंच अंतरपाट खाली केला.

"तुम्ही कायदा शिकलाय?"

"नाही. नववीत शाळा सोडली. गॅरेज आहे."

"मग धरा अंतरपाट," ती म्हणाली.

अक्षता पडल्यावर निवृत्ती आत आला.

"मंजूर झालं?"

"झालं," वैजयंता म्हणाली.

"एकमतानं?"

"एकमतानं."

निवृत्तीला फार आनंद झाला. तो दोन पंगतींना जेवला. तिसरी पंगत बसताना त्याचं लक्ष प्रल्हादच्या मुंडावळ्यांकडे गेलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की सभेला नवरदेवच हजर नव्हता.

पुढच्या गुरुवारी तो मुंडावळ्या बांधून तिथंच आला. मांडव उतरवला होता. लिंबाखाली एक शेळी बसली होती. निवृत्ती अर्धा तास थांबला. मग त्यानं शेळीला घरी जायला सांगितलं आणि लग्न पुढच्या गुरुवारपर्यंत तहकूब केलं.