चोचीवरचं काजळ

"मग सांगा बाबा, ह्याचं वय किती असंल?"

जयसिंगानं पिंजरा भानुनाथबाबांच्या पुढ्यात ठेवला, आणि उत्तरही आपणच दिलं. "घेतलं तेव्हा दोन महिने. मी तर दुकानातच ओळखलं."

नदीकाठच्या मठीत बसून बाबा पाखरांची दुखणी बरी करायचे. जयसिंग खराडे त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दहा वर्षं कबुतरं उडवली, शर्यतीत तीन ढाली जिंकल्या. तेव्हापासून तो विचारायला म्हणून यायचा आणि सांगून जायचा.

पिंजऱ्यात हिरवा लव्हबर्ड होता, लाल तोंडाचा. छातीवर बोटभर जागा उघडी पडलेली. तिथली पिसं त्यानं आपणच उपटली होती.

मागं पायरीवर जयसिंगाची पुतणी बसलेली. कल्याणी. वय आठ. बाप आधीच गेलेला, तीन महिन्यांमागं आईही गेली. चुलता घरी घेऊन आला, त्या दिवसापासून पोरीनं तोंड उघडलं नव्हतं.

"कशावरनं दोन महिने?" बाबांनी विचारलं.

"चोचीच्या मुळाशी काळं हाय की. पिल्लाचीच खूण ती. मोठं झालं की जाते. तुम्हीच शिकवलंय."

"शिकवलंय खरं..."

"पिल्लू एकवीस दिवसांत हातावर आलं पाहिजे. आज चाळीसावा दिवस. पंख कातरले. दाणा ठेवतो तो फक्त तळहातावर. उपाशी बसतं, पर येत न्हाई. असलं हट्टी पाखरू जन्मात बघितलं न्हाई."

"एवढी घाई कसली?"

जयसिंगानं आवाज खाली आणला. तरी पायरीपर्यंत पोचेल एवढा तो होताच.

"हिच्यासाठी आणलंय. पाखरू हातावर बसलं की हसंल, बोलंल. न्हाईतर सोमवारी आश्रमशाळेत पोचवणार. बायको म्हणते, मुकं पोर घरात फिरतं, जीव घाबरतो."

पोरीची मान हलली नाही.

बाबांनी पाखरू अलगद बाहेर काढलं. अंगठ्याला थुंकी लावली आणि चोचीच्या मुळाशी फिरवला.

अंगठा काळा झाला.

"वास घे."

जयसिंगानं घेतला. "...काजळ?"

"दुकानदारानं तीट लावली बाळाला."

जयसिंगाचा चेहरा उतरला. बाबांनी पाखराचे पाय दाखवले. खवले जाड झालेले, आणि एका पायावर गोल घट्टा.

"इथं कडं होतं. वर्षानुवर्षं होतं. विकताना काढलं."

"मग वय किती?"

"पिल्लाचं सांगता येतं. मोठ्याचं कोण सांगणार? सहा वर्षं असंल, नऊ असंल."

"फसवलं की मला! एवढं जून पाखरू आता कधी माणसाळायचं?"

बाबांनी पाखरू जमिनीवर सोडलं.

कातरल्या पंखांचं ते. थोडा वेळ तिथंच बसून राहिलं. मग चालत निघालं. जयसिंगानं झटकन तळहात पुढं केला, दाण्यासकट. पाखरानं हाताला वळसा घातला.

ते पायरीपाशी गेलं. पोरीच्या झग्याला चोचीनं धरत धरत वर चढलं, खांद्यावर पोचलं, वेणीखाली शिरलं. तिथं मान वाकवून उभं राहिलं, खाजवून घ्यायला.

पोरीचं बोट आपोआप वर गेलं.

"बसलं!" जयसिंग ओरडत उठला. "बसलं बघ! आता बोल, कल्याणी. बोल की, काहीतरी बोल!"

पाखरू दचकलं. उडायला गेलं आणि पायरीवर आपटलं.

पोरीनं दोन्ही हातांनी ते झाकून घेतलं. चुलत्याकडं बघितलं. बोलली नाही.

बाबांनी विचारलं, "घरी हिच्याजवळ दिलं न्हाईस कधी?"

"माणसाळल्याबिगर कसं देऊ? चावलं म्हणजे?"

"ते माणसाळलेलंच हाय, जयसिंगा. माणसाच्या मानेशी झोपत होतं ते. झोपवणारं माणूस गेलं असंल, म्हणून बाजारात आलं."

"मग मी एवढं करतो, माझ्याकडं का येत न्हाई?"

बाबांनी पायरीकडं बघितलं. "हिच्या आईचं नाव काय?"

जयसिंग हळूच म्हणाला, "ते नाव आमच्यात काढत न्हाईत, बाबा. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तिचं लुगडं, फोटो, सगळं माळ्यावर टाकलं. नाव काढलं की पोर रडायची."

"आणि आता?"

"आता रडत न्हाई."

पोरीच्या ओंजळीतून हिरवं डोकं तेवढं दिसत होतं. जयसिंग त्याच्याकडं बघत राहिला. ढाली जिंकणारा गडी, पण तळहातावरचे दाणे कुठं टाकावेत ते त्याला सुचेना.

"बाबा," तो म्हणाला. ह्या खेपेला खरंच विचारत होता. "मी सोमवारी काय करू?"

बाबांनी रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावून घेतलं.

"सोमवारी कुणी कुठं जायचं न्हाई. पोरीचं रडणं राहिलंय. तुझ्या घरात अजून सुतक हाय."