अशिलाचं नाव

अमेरिकेतल्या एका राज्यात एल्मर हॅस्केट नावाचा वकील आमदार झाला. त्याच्या गावात फाटक नसलेल्या रुळांवर तीन माणसं गाडीखाली गेली होती. म्हणून गावोगावी फाटकं बसवायचं विधेयक त्यानं मांडलं. रेल्वे कंपनीशी घसट असलेले बुजुर्ग आमदार थॉर्नबरो कुत्सितपणे म्हणाले, “वकिलाची जीभ भाड्याची. हॅस्केटसाहेब, आज कोणाच्या वतीनं बोलताय?”

सभागृह हसलं. हॅस्केटचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

“रूळ ओलांडणाऱ्यांच्या वतीनं. कोर्टात आम्हाला आधी अशिलाचं नाव सांगावं लागतं. आता आपणही आपल्या अशिलाचं नाव सांगा, म्हणजे नोंद पुरी होईल.”

थॉर्नबरो खाली बसले आणि विधेयक मंजूर होईपर्यंत चष्मा पुसत राहिले.