कमी पळालेलं इंजिन

एका गावात एक भोळा मोटारवाला होता. गावाचं नाव कशाला हवं? तो भोळा मीच.

माझ्याकडे लाल रंगाची स्पोर्ट्स कार होती. दोनच दारं, आणि बूड इतकं खाली की गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ती पोट घासूनच पुढे जायची. माझ्या लेकीच्या, तेजूच्या साखरपुड्याला ती घेऊन गेलो. मागून असा धूर निघाला की व्याही बळवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव्हणं, मोटार आणलीसा का गुऱ्हाळ?"

सगळे हसले. तेजूनं मान खाली घातली. मला फार लागलं.

घरी येताना ती म्हणाली, "पप्पा, सासरी मी तुमच्याच गाडीतनं जाणार. फक्त ते परत हसायला नकोत."

"एकही माणूस हसणार नाही," मी म्हणालो.

बाबालाल मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि लगेच मिटलं. "अण्णा, इंजिन झिजलंय. झिजलेलं कितीबी घासा, झिजलेलंच. टाकून द्या. कमी पळालेलं जपानी मागवतो."

मला एकदा सांगितलं की मी विसरत नाही. घरी आलो तर चुलीवर बायकोचा तवा, झिजून पापडासारखा झालेला. तो भंगारात दिला आणि शेजारच्या काकूंच्या माळ्यावरचा, कधीच न वापरलेला आणला. त्या दिवशी भाकरी उलथन्यानं खरवडून खाल्ली.

बायको म्हणाली, "अहो, लोखंडाची नवी वस्तू तशीच वापरतात होय? आधी तेल लावायचं, अर्धा कांदा घासायचा, जाळावर चांगली तापवायची. मग वापरायची."

"बरं," मी म्हणालो. मला एकदा सांगितलं की मी विसरत नाही.

लाकडी पेटीतून इंजिन आलं. लोखंडाचंच, आणि आपल्या घरात नवं. त्याला शेंगतेल लावलं, अर्धा कांदा घासला, चौघांना हाताशी धरून लग्नासाठी खणलेल्या चुलीवर चढवलं. मिस्त्री आला तेव्हा इंजिनाच्या रबरी नळ्या वितळून थेंबथेंब गळत होत्या आणि कांद्याचा वास मात्र छान सुटला होता.

मिस्त्री डोकं धरून खाली बसला. मग उठला, नळ्या बदलल्या, कांदा पुसला, इंजिन गाडीत बसवलं आणि चालू केलं. काय तो आवाज! धुराचं नाव नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरगी आता ताठ मानेनं सासरी जाईल.

"परमुलखातनं आलंय, अण्णा," मिस्त्री म्हणाला. "पहिल्या दिवशी ताण देऊ नका. हळूहळू सवय हुंदे."

"बरं," मी म्हणालो.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड आलं. तेही परमुलखातलंच, चार गावं पलीकडचं. पंक्तीत मी प्रत्येकाला अर्धी जिलेबी वाढली. बळवंतराव ताटाकडे बघत राहिले.

"पहिलाच दिवस आहे," मी समजावलं. "पोटाला ताण नको. हळूहळू सवय होईल."

बायकोनं मला दंडाला धरून आत नेलं. "अहो, पाहुणे आहेत ते! पाहुण्याला गळ्यापर्यंत खाऊ घालायचं, आणि बसल्या जागेवरनं हलू द्यायचं नाही. काडीचं काम सांगायचं नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. मला एकदा सांगितलं की मी विसरत नाही.

लग्न झालं. पाठवणीची वेळ आली. मी विचार केला, आपल्याकडे सगळ्यात लांबचा पाहुणा कोण? जपानहून आलेला! त्याला गळ्यापर्यंत खाऊ घातलं, म्हणजे टाकी काठोकाठ भरली. आणि काडीचं काम नको म्हणून गाडीला पुढून शेजारच्या दादूची बैलजोडी जुंपली.

"पप्पा, हे काय?" तेजू म्हणाली.

"पाहुण्याला राबवायचं नाही. तुझी आईच म्हणाली."

जावईबापू मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले, तेजू माझ्या शेजारी. पोर वाटभर रडत होती. रस्त्यावरची माणसं म्हणत होती, माहेर सुटतंय बिचारीचं. खरं कारण मला माहीत होतं, पण मी बैलांकडे बघत होतो.

दिवेलागणीला पोचलो. बळवंतराव दारात उभे होते. त्यांनी गाडीच्या मागे जाऊन बघितलं, मग पुढे येऊन बघितलं.

"धूर न्हाई, खरं हाय," ते म्हणाले. "पर पाव्हणं, ह्या खेपेला शेण पडलंय की ओ!"

अख्खी गल्ली हसली. मी चोरून तेजूकडे पाहिलं. पदरात तोंड खुपसून तीसुद्धा हसत होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आपलं काही चुकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट मिस्त्रीकडे गेलो.

"इंजिन कसं हाय, अण्णा?"

"इंजिन एक नंबर! पण बैल पार झिजलेत. जपानातनं एखादी कमी पळालेली जोडी मागवतोस का?"