कोष्ट्याचा धोटा आणि चिंचेखालचा डाव

एका गावात एक बातमी भिंतीपलीकडून आली, आणि तीही अर्धीच.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी गावात कोणी कामाला हात लावत नसे. बैल मोकळे, नांगर मोकळे, माणसंही मोकळी. एक शेजारीण परसात दोडक्याच्या वेलाशी उभी होती. भिंतीपलीकडच्या बोळातून दोघी बायका डोक्याला डोकं लावून चालल्या होत्या.

"कोष्ट्याचा माग गेलाच बघ," एक म्हणाली. "चिंचेखाली, पत्त्यांत. आणि आता तर तो..."

तेवढ्यात बोळातून बैलजोडी घुंगरं वाजवत गेली आणि पुढचं सगळं त्या आवाजात बुडालं. शेजारीण टाचा उंच करून भिंतीवरून बघते तोवर दोघी वळणाआड झाल्या होत्या.

आता अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेली पेरूची बी. जीभ तिथंच जाते. शेजारणीनं दोडके तिथंच टाकले आणि कोष्ट्याचं घर गाठलं.

कोष्टीण ओट्यावर बसून कांड्या भरत होती. त्या घरात धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या ती भरायची, आणि तो धोटा उभ्या सुताच्या ताण्यातून इकडून तिकडं फेकत लुगडं तो विणायचा. त्याच मागावर घर चालायचं. दोन लेकरं मागाखालीच खेळून मोठी होत होती.

"कोष्टीणबाई, आज काम का करताय?" शेजारणीनं जरा लांबून सुरुवात केली.

"हात रिकामा राहत नाही, काकू. बसा ना."

"बसायला आले नाही. तुमचे मालक कुठं आहेत?"

"सकाळीच गेले. धोट्याचं टोक बोथट झालंय, सुताराकडून घासून आणतो म्हणाले."

शेजारीण गप्प झाली. तिचं गप्प होणं ही गावात मोठी गोष्ट होती, म्हणून कोष्टिणीच्या हातातली कांडी थांबली.

"काकू, काय झालं ते सांगा."

"आजच्या दिवशी सुतार हत्याराला हात तरी लावेल का? तो सकाळपासून चिंचेखाली पत्ते कुटतोय. आणि मी असं ऐकलं की..." तिनं आवाज खाली आणला. "तुमचा माग गेला."

कोष्टिणीनं वळून बघितलं. माग तर समोरच होता. त्यावर निम्मं विणलेलं लुगडं होतं, तांबड्या काठाचं.

"हा काय माग. जागेवरच आहे."

"आहे हो. पण कोणाचा आहे?"

कोष्टिणीनं कोनाड्याकडं बघितलं. धोटा नव्हता, ते तिला ठाऊकच होतं. पण धोट्याशेजारी विकायला ठेवलेली दोन नवी लुगडी होती, तीही नव्हती.

इथं त्या गावाची रीत सांगायला हवी. बैल विकला की त्याचा कासरा, म्हणजे बांधायचा दोर, घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. कासरा दिला की बैल दिला, मग तो कोणाच्याही गोठ्यात बांधलेला असो. तसंच मागाचं. ज्याच्या हातात धोटा दिला, त्याचा माग. कागद नाही, साक्ष नाही. रीत हीच साक्ष.

कोष्टिणीनं लेकरांना शेजारच्या ओट्यावर बसवलं आणि पदर खोचून निघाली. शेजारीण मागोमाग.

"एवढ्या भरभर चालू नका. मला दम लागतो."

"तुम्ही थांबा घरी."

"थांबू कशी? अर्धंच ऐकलंय मी."

वाटभर कोष्टीण एकच विचार करत होती. लुगडी गेली असतील तर एक बाजार हुकेल, चटणी-भाकरीवर दिवस काढता येतील. पण माग गेला तर? कोष्ट्यानं मागाशिवाय करायचं काय? दुसऱ्याच्या दारात उभं राहून दुसऱ्याचं सूत विणायचं? पाय उचलत होता, पण वाट संपत नव्हती.

चिंचेखाली घोंगडी पसरलेली होती. दरवर्षी त्या दिवशी तिथं तीन-तीन पानांचा डाव व्हायचा, आणि लावायचे ते चिंचोके. ज्याच्याकडं जास्त चिंचोके, त्याला देवळातला नारळ. एवढंच. पण यंदा वाटेनं जाणारा एक घोड्यांचा व्यापारी सावलीला टेकला आणि हसून म्हणाला, "चिंचोक्यांनी काय खेळता? लेकरं आहात का?" मोठ्या माणसाला लेकरू म्हटलं की त्याच्यातलं लेकरूच आधी जागं होतं. तेल्यानं तेलाचा बुधला लावला. सुतारानं पाट लावला. धोटा कमरेला खोचून आलेल्या कोष्ट्यानं मागच्या दारानं घरात शिरून लुगडी आणली.

पहिले दोन-तीन डाव कोष्टी जिंकला. व्यापारी हरला की मान डोलवायचा, म्हणायचा, "कोष्टीदादा, हात आहे तुमचा." मग कोष्ट्याला वाटायला लागलं की खरंच हात आहे.

बायका पोचल्या तेव्हा तेली आणि सुतार पानं टाकून बाजूला झाले होते. डावात दोघंच उरले होते. मधल्या ढिगात तेल्याचा बुधला होता, सुताराचा पाट होता आणि सगळ्यांत वर घडी घातलेली दोन लुगडी. त्यातलं जांभळ्या काठाचं लुगडं कोष्टिणीनं लांबूनच ओळखलं. त्याच्या पदराच्या कांड्या तिनं श्रावणातल्या अंधाऱ्या दुपारी डोळे ताणून भरल्या होत्या.

ढिगाच्या शेंड्यावर एक दोर पडला होता. दोराचं दुसरं टोक चिंचेच्या बुंध्याशी उभ्या असलेल्या शिंगराच्या गळ्यात होतं. शिंगरू शांतपणे गवत खात होतं. आपण ढिगात आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

"माझी चाल झाली," व्यापारी म्हणाला. "माझं पान बघायचं असेल तर बरोबरीचं काही टाका. नसेल तर पानं टाका आणि पाणी प्या."

कोष्ट्याच्या हातात पानं होती. दोन राजे आणि एक सत्ती. आणि दुसऱ्या हातात धोटा.

शेजारणीनं सुस्कारा सोडला. "अजून हातातच आहे," ती पुटपुटली. "म्हणजे गेला नाही. पण चाललाय."

"कोष्टी माणूस सुताला भीत नाही म्हणतात," व्यापारी म्हणाला. "मग एका दोराला काय भिता?"

"भीत नाही," कोष्टी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "पण माग..."

"पण ही दोन लुगडी मग सोडून देणार? एवढं विणलं आणि अर्ध्यावर टाकून उठणार?"

हे बोलणं नेमक्या जागी लागलं. कारण कोष्ट्याच्या बापानं त्याला पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं. सुरू केलेलं लुगडं अर्धं सोडायचं नाही. तार तुटला की गाठ मारायची आणि पुढं विणायचं. कोष्टी तेच पत्त्यांत करत होता. पहिलं लुगडं टाकलं, डाव बिघडतोय असं वाटलं, तर दुसरं लुगडं टाकून गाठ मारली. आता धोट्याची गाठ मारायची पाळी आली होती.

त्यानं धोटा थोडा पुढं केला.

डावात बघ्यांनी पानांबद्दल बोलायचं नाही, असा नियम होता. बोललं तर लावलेलं सगळं समोरच्याचं. शेजारणीनं तोंडावर पदर दाबून धरला, कारण तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. कोष्टिणीलाही ओरडून सांगावंसं वाटलं, उठा, लेकरांकडं बघा. पण ओरडून काय होणार? चार माणसांत बायको ओरडली की नवरा हट्टाला पेटतो, आणि हट्टाला पेटलेला माणूस मागच काय, घराचं दारही डावावर लावतो.

ती घोंगडीच्या कडेला बसली. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून म्हणाली, "अहो, एक विचारायचं होतं."

"आत्ता?" कोष्टी मान न वळवता म्हणाला.

"उद्या कांड्या कोणत्या भरू, म्हणून. समजा हातभर विणून झालं आणि मग कळलं की ताणा आतून कुजका आहे. तर काय करायचं?"

शेजारणीला राहवलं नाही. "कोष्टीणबाई, आता ताण्याचं काय काढलंत? इथं..." आणि तिनं स्वतःचंच तोंड परत दाबलं.

व्यापारी हसला. "विचारू द्या. घरचं आहे."

कोष्ट्यानं सवयीनं उत्तर दिलं. या प्रश्नाचं उत्तर त्याला झोपेतही आलं असतं. "कुजका ताणा विणायचा नसतो. कापून टाकायचा."

"पण बाबा सांगायचे ना, अर्धं सोडायचं नाही?"

"ते तार तुटला तर. एखादा तार तुटला तर गाठ. ताणाच कुजका असेल तर गाठ कशाला मारायची? जितकं पुढं विणशील तितकं सूत वाया."

"आणि हातभर विणून झालेलं?"

"ते गेलं. ते गेलं असं समजायचं आणि उरलेलं सूत..."

कोष्टी थांबला. त्यानं ढिगातल्या लुगड्यांकडं बघितलं, मग हातातल्या धोट्याकडं. शिंगरानं शेपटी हलवली.

"उरलेलं सूत वाचवायचं," तो हळूच म्हणाला.

त्यानं पानं पालथी घातली.

व्यापाऱ्याचं हसू जरा कमी झालं, पण त्यानं ढीग ओढून घेतला. दोन्ही लुगडी गेली. जांभळ्या काठाचं लुगडं त्यानं घोड्याच्या पाठीवर टाकलं तेव्हा कोष्टिणीनं मान फिरवली.

"तुमचं पान काय होतं?" कोष्ट्यानं विचारलं. "एवढं तरी दाखवा."

"बघायची किंमत सांगितली होती, दादा," व्यापारी म्हणाला आणि त्यानं आपली पानं गड्डीत मिसळून टाकली. "बसा, अजून एक डाव खेळू. गेलेलं परत मिळवा."

आणि इथं कोष्टी परत डगमगला. पानं टाकणं अवघड असतंच, पण टाकल्यावर उठणं त्याहून अवघड असतं. त्याचे डोळे लुगड्यांमागं गेले. एकच डाव. एकच.

कोष्टिणीनं हात पुढं केला.

कोष्ट्यानं हाताकडं बघितलं. कांड्या भरून भरून बोटाला पडलेला घट्टा बघितला. मग चार माणसांदेखत धोटा त्या हातावर ठेवला आणि उठला. मांडी आखडली होती, म्हणून तेल्यानं त्याला हात दिला.

परतीच्या वाटेवर तेली म्हणाला, "कोष्टीदादा, एक सांगू? तुला चांगलं पान आलं की तू लुगड्याची घडी नीट करून ठेवतोस. वाईट आलं की तसंच टाकतोस. हे मला दिसलं, तर त्याला दिसलं नसेल?"

"म्हणजे माझं पान चांगलं आहे हे त्याला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. तरी त्यानं शिंगरू लावलं. मग त्याचं पान काय असेल ते बघ."

"किंवा काहीच नसेल. लुगडी जाईपर्यंत मी उठणार नाही हे त्यानं ओळखलं असेल, आणि माग लावायला भिईन हेही."

"तसंही असेल," तेली म्हणाला. "ते आता कोणालाच कळायचं नाही. माझा बुधला पण गेलाच की. मी काय जीव देऊ?"

संध्याकाळी शेजारणीनं बोळातल्या त्या दोघींना पाणवठ्यावर गाठलंच.

"काय गं, दुपारी पुढं काय म्हणत होतात? आता तर तो... तो काय?"

"आता तर तो उठायचं नाव घेत नाही, असं म्हणत होतो," त्यातली एक म्हणाली. "आम्ही त्याला धोटा काढताना बघितलं. पुढचं बघवेना, म्हणून निघून आलो. माग गेला ना शेवटी?"

शेजारीण सांगायला निघाली की छे, काही गेला नाही, उगीच काहीतरी उठवता. पण तिला चिंचेखालचा तो हात आठवला आणि ती घागर टेकवून नीट उभी राहिली.

"गेला," ती म्हणाली. "गावाची रीत काय? ज्याच्या हातात धोटा, त्याचा माग. चार माणसांदेखत धोटा कोष्टिणीच्या हातात दिला त्यानं. मी होते ना तिथं. माग गेला, पण घरातल्या घरात."

आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोष्टी मागावर बसला तेव्हा धोटा कोनाड्यात नव्हता. तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं, कमरेचा धोटा काढून दिला आणि कांड्या भरायला बसली. रोज सकाळी मागायचा, रोज संध्याकाळी परत द्यायचा, असं पुढं चालू राहिलं. तांबड्या काठाचं लुगडं पुढच्या बाजारापर्यंत पुरं झालं. तोवर घरात चटणी-भाकरीच होती.

पुढच्या पोळ्याला कोष्टी पुन्हा चिंचेखाली गेला. जाताना मुठीत मावतील एवढे चिंचोके घेतले आणि बायकोला म्हणाला, "हे संपले की मी घरी." ते संपले. तो घरी आला. गावात मात्र अजून वाद चालतो, की व्यापाऱ्याकडं तीन एक्के होते की नुसताच दम होता. कोष्ट्याला कोणी विचारलं तर तो म्हणतो, "ते बघायला माग लागला असता."

तात्पर्य: ढिगात टाकलेलं आपलं राहत नाही, हातात उरलं तेवढंच आपलं. म्हणून गेलेल्यासाठी उरलेलं लावू नये, आणि बसण्याआधीच उठायचं कधी ते ठरवून बसावं.