विहिरीचे वाढलेले पाणी

गावे विहिरीच्याच पाण्यावर जगत होती, त्या काळी एका विहिरीत एक वृद्ध कासव राहत असे. भिंतीचे किती दगडी थर पाण्यावर उघडे आहेत, हे ते नित्य पाही. गावालगत रंगाचा कारखाना आला, त्या वर्षी ऐन वैशाखात विहिरीचे पाणी चढले आणि कासव प्रसन्न झाले.

"आजोबा, अंग भाजते आहे," त्याच विहिरीतली बेडकी म्हणाली. "या पाण्यात मी अंडी कशी घालू?"

"वैशाखात पाणी वाढले, तरी तुझी कुरकूर काही आटत नाही."

"कारखान्याच्या सांडपाण्याच्या खड्ड्याकडचा झरा तेवढा वाढला आहे. तिथे जाऊन मान बाहेर काढा."

कासवाने तसे केले. कवचाला काही कळले नव्हते. मऊ मान मात्र चुरचुरली. ते खजील झाले. "पोरी, तू येथून जा."

"मी जाईनच. पण लोकांनी तुम्हाला येथे सोडले, ते पाण्याची पारख म्हणून. वाकून तुम्हाला पोहताना पाहतात आणि निश्चिंतपणे घागरी भरतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला आलेल्या सोनाक्काची बादली खाली आली, तेव्हा कासव तिच्यात चढून बसले.

"तू कुठे निघालास, बाबा?" असे म्हणून सोनाक्काने त्याला अलगद परत सोडले. पुढच्या बादलीतूनही तेच वर आले. या वेळी उचलताना तिला त्याची सोललेली, लाल मान दिसली. तिने भरलेली घागर ओतून टाकली आणि मागून येणाऱ्या बायकांना हात आडवा करून थांबवले.